पोटखराब्याची आकारणी

आपल्या महसुली मराठीत काही शब्द असे आहेत, की ते पिढ्यान् पिढ्या कागदावर निमूट पडून असतात आणि एखाद्या दिवशी अचानक बोलू लागतात. ‘पोटखराबा’ हा त्यांपैकी एक. ज्याने कधी ना कधी सातबाराचा उतारा हातात घेतला आहे, त्याला तो ठाऊक असतो. गटाच्या एकूण क्षेत्रापैकी जे लागवडीस अयोग्य, तो पोटखराबा. त्याच्यावर सारा नाही, म्हणजे त्याची आकारणीही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी जमिनी मोजल्या तेव्हा त्यांचा हिशेब सरळ होता. ज्यातून वसूल येतो त्याचे मोल करायचे. ज्यातून येत नाही त्याच्यापुढे फुली मारून पुढच्या शेताकडे वळायचे. इंग्रज गेले, वसुलीचे महत्त्वही राहिले नाही, पण ती फुली मात्र आपल्या मनात कायमची राहिली.

आज या शब्दाची आठवण होण्याचे कारण असे, की देशात सध्या एक नवी आकारणी चालू आहे. हवामान बदलते आहे, हे आता कोणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच, की त्याची झळ कोणाला किती बसणार? कोणते राज्य, कोणता जिल्हा, कोणते जंगल, कोणता किनारा अधिक नाजूक? त्यासाठी अहवाल निघतात, निर्देशांक ठरतात, नकाशे लाल-पिवळ्या रंगांत रंगतात. हे काम आवश्यक आहे आणि ते करणारी माणसे अभ्यासू आहेत. पण या नव्या आकारणीतही जुन्या पोटखराब्यापुढची फुली तशीच राहिली आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी ही आकारणी करतात कशी, ते पाहू. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीने, म्हणजे ‘आयपीसीसी’ने, आपल्या २००१ आणि २००७च्या अहवालांत नाजूकपणाचे तीन घटक सांगितले. झळ किती बसते, ती लागते किती, आणि लागल्यावर सावरण्याची ताकद किती. पुढच्या अहवालांत या मांडणीत फेरफार झाले, पण गाभा तोच राहिला. माझी उमेदीची वर्षे बँकेच्या शाखांत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेल्यामुळे मला यात अपरिचित असे काहीच वाटले नाही. शेतकऱ्याचा अर्ज समोर आला की आम्ही हेच तीन प्रश्न विचारत असू. पाऊस हुकला तर याच्या पिकाचे किती जाईल? घर चालते ते फक्त या पिकावर, की मुंबईहून मनीऑर्डरही येते? आणि एक हंगाम बुडाला तर पुढचा उभा करायला याच्याकडे काय शिल्लक आहे? यात खरा प्रश्न असतो तो तिसरा. नुकसान सर्वांचेच होते. बुडतो तो, ज्याच्याकडे शिलकीत काही नसते. बँकेच्या भाषेत त्याला ‘मार्जिन’ म्हणतात. घराघरांतल्या बायका त्याला गाठीला बांधलेले चार पैसे म्हणतात.

आता एक उदाहरण. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने एप्रिल २०२१मध्ये देशातल्या राज्यांच्या नाजूकपणाचा अहवाल प्रसिद्ध केला. मंडी आणि गुवाहाटी येथील आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी तो तयार केला होता. त्यात झारखंड, मिझोराम, ओडिशा, छत्तीसगड, आसाम, बिहार, अरुणाचल प्रदेश आणि पश्चिम बंगाल ही राज्ये सर्वाधिक नाजूक ठरली. आणि सर्वात कमी निर्देशांक कोणाचा, तर आपल्या महाराष्ट्राचा. हे वाचून बऱ्याच जणांना बरे वाटले असेल. त्यानंतर तीन महिन्यांनी, २२ जुलै २०२१ रोजी, महाबळेश्वरच्या माथ्यावर चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड येऊन ८०हून अधिक माणसे गेली. त्याआधी २०१४मध्ये माळीण गाडले गेले होते. त्यानंतर २०२३मध्ये इर्शाळवाडी.

अहवाल खोटा होता, असे मी म्हणणार नाही. ‘कमी नाजूक म्हणजे सुरक्षित नव्हे’, हे त्याच्या कर्त्यांना माहीत होतेच. त्यांनी मोजले ते समाजाचे बळ: दारिद्र्य किती, अल्पभूधारक किती, कोरडवाहू शेती किती, दवाखाने आणि रस्ते किती. अशा मोजणीत श्रीमंत राज्य बळकट दिसणारच. पण त्यात निसर्ग कसा आला, तर ‘दर हजार ग्रामीण लोकांमागे जंगल किती’ अशा एखाद्या आकड्यातून. म्हणजे निसर्ग हा माणसाच्या खात्यावरची एक जमा. त्या निसर्गाची स्वतःची पत काय, त्याची शिल्लक किती उरली आहे, हा प्रश्न त्या अर्जात नव्हताच.

तो प्रश्न विचारायचा तर माझ्या मते कोकणच्या आणि सह्याद्रीच्या सड्यांपासून सुरुवात करावी. कारण पोटखराब्याचे इतके देखणे आणि इतके दुर्लक्षित रूप दुसरे नाही.

देशावरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या बाजूला बसमधून जाताना एप्रिल-मे महिन्यांत जो काळाकुट्ट, झाडाविना तापलेला माळ दिसतो आणि ज्याच्याकडे पाहून मुंबईकर पाहुणा ‘केवढी जागा फुकट गेलीय’ म्हणतो, तो. पण हाच सडा जूनमध्ये पहिल्या सरी पडल्या की कात टाकतो. खळग्यांत वीतभर पाणी साठते, बोटभर मातीत हिरवे कोंब येतात आणि मग जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरवड्याला रंग बदलत राहतो. दीपकाडीची पांढरी फुले, गेंदाचे ठिपके, तेरडा, सीतेची आसवे. माती इतकी निकस, की दवबिंदूसारखी झाडे कीटक पकडून आपली भूक भागवतात. खळग्यांत बेडूक अंडी घालतात. सुट्या दगडांखाली विंचू, पाली, देवगांडूळ संसार मांडतात. साताऱ्याजवळचे कासचे पठार याच कुळातले, फक्त सुमारे १,२०० मीटर उंचीवरचे. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ स्थळांना २०१२मध्ये ‘युनेस्को’ने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास आहे. कासला गर्दी होते. देवगडच्या सड्यावर कोणी जात नाही. एवढाच दोघांतला फरक.

सड्याचे दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही. जांभा हा सच्छिद्र दगड. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला काही या दगडात मुरतो, खाली चिकणमातीचा थर लागला की अडतो आणि मग सड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. वाडीची विहीर, पोफळीचे आगर, देवळाजवळचे तळे, सगळे त्या झऱ्यावर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी देवगडच्या बाजूला नेमणुकीवर होतो. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९०मध्ये सुरू झाली होती आणि हापूसच्या कलमांसाठी अर्जांचा पाऊस पडत होता. सुरुंग लावून कातळात खड्डे करायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि कलम लावायचे, अशी पद्धत. एका वयस्क शेतकऱ्याने मात्र फक्त खालच्या वरकस जमिनीपुरता अर्ज केला. वरचा सडा का सोडला, असे विचारल्यावर म्हातारबाबा म्हणाले, ‘सायबानू, कातळाचा पाणी बावीक येता. कातळ फोडलो तर बावीन खंय बघूचा?’ कातळ फोडला तर विहिरीने कुणाकडे पाहायचे? सड्याच्या नाजूकपणाचे इतके नेमके मूल्यमापन मी नंतर कोणत्या अहवालात वाचले नाही.

आता या सड्याला आपले तीन प्रश्न लावून पाहू.

पहिला, झळ किती? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पावसाळ्याचे वेळापत्रकही सरकले आहे. हवामान खात्याने २०२०मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा बदलल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. आपल्याला आठवडाभर छत्री जास्त बाळगावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्या झाडाचे सगळे आयुष्यच शंभर दिवसांचे आहे, त्याला आठ-दहा दिवस म्हणजे आपल्या हिशेबाने सात-आठ वर्षे.

दुसरा, लागते किती? सड्यावर माती बोटभर. मोठे झाड पंधरा दिवसांची उघडीप मुळांच्या जोरावर काढते; बोटभर मातीतले रोप चार दिवसांत करपते. उलट एकाच रात्री धो धो कोसळला, तर ती बोटभर मातीच वाहून जाते आणि तिच्याबरोबर पुढच्या वर्षाचे बीही. आपल्याला पावसाची वार्षिक सरासरी पाहायची सवय आहे. सरासरी तीच राहिली आणि पाऊस चार रात्रींत पडून गेला, तर वहीतली बेरीज जुळते, पण सडा आणि विहीर मात्र कोरडीच राहतात.

तिसरा आणि खरा प्रश्न, सावरण्याची ताकद किती? उष्मा वाढला की वनस्पती आणि प्राणी हळूहळू अधिक उंचीकडे, थंड जागेकडे सरकतात, असे जगभरच्या डोंगरांवर दिसले आहे. पण कासच्या पठारावरचा वायतुरा वर कुठे सरकणार? तो आधीच माथ्यावर आहे. त्याच्यावर फक्त आभाळ. आणि बाजूला सरकायचे तर मधे दऱ्या, शेते, रस्ते, रिसॉर्टे. प्रत्येक सडा हे जमिनीवरचे एक बेटच असते. इथल्या कित्येक वनस्पती प्रदेशनिष्ठ आहेत. म्हणजे इथे आहेत आणि जगात दुसरीकडे कुठे नाहीत. इथून गेल्या, की गेल्या.

याचा अर्थ सडा मुळातच दुबळा आहे, असा मात्र नव्हे. आठ महिने तव्यासारखे तापायचे आणि चार महिने पाण्यात उभे राहायचे, हे सोसणारे जीव दुबळे कसे असतील? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी कासच्या हंगामी तळ्यातला गाळ तपासला, तेव्हा त्यातल्या परागकणांतून गेल्या सुमारे आठ हजार वर्षांतल्या पावसाच्या चढउतारांची नोंद मिळाली. इतक्या स्थित्यंतरांतून पठार तगले. कारण त्याला वेळ होता आणि जागा होती. आज हवामान बदलण्याचा वेग वाढला आहे, आणि जागा आपण काढून घेतली आहे. हवामान बदलणे एकट्या आपल्या हातात नाही. पण सड्याची गाठीची शिल्लक आपण खर्ची घातली, ती मात्र आपल्याच हातांनी.

ती कशी, हे पाहण्यासाठी लांब जायला नको. कुठे चिऱ्याच्या खाणी, कुठे प्लॉट पाडून कुंपणे, कुठे बागा. आणि या सगळ्यांपेक्षा गंमतीची गोष्ट सरकारी मोजणीत आहे. भारतीय वन सर्वेक्षण विभाग उपग्रहाच्या चित्रांवरून वनाच्छादन मोजतो, तेव्हा एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछाया असेल, तर ते वनाच्छादन धरले जाते. मालकी कोणाची, झाड कसले, हे पाहिले जात नाही. या व्याख्येने बिनझाडांचा सडा म्हणजे शून्य. तोच सडा सुरुंगाने फोडून त्यावर हापूस लावला आणि कलमे मोठी झाली, की नकाशावर हिरवा ठिपका उमटतो. म्हणजे हजारो वर्षांची एक सृष्टी उद्ध्वस्त झाली आणि कागदावर पर्यावरण सुधारले!

हेच देशावरच्या गवताळ माळांचे. सोलापूर-नगरच्या माळरानाला आपण पडीक म्हटले, देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही गवताळ प्रदेश दाखवले गेले. नान्नजच्या परिसरात १९७९मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, पण पक्ष्याला हवे असते ते विस्तीर्ण, मोकळे गवत; आणि मोकळी जागा दिसली की आपले हात शिवशिवतात. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला. हेतू चांगलाच होता. पण झाड लावणे हे पुण्यच, मग ते कुठेही लावा, ही समजूत आपण शाळेपासून मुलांच्या मनात भरवली आहे. ओसाड टेकडीवर झाड लावणे पुण्य खरे. पण सड्यावर आणि गवताळ माळावर ते लावणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात आपले सामान नेऊन टाकणे.

इथे कोकणातला वाचक मला अडवील आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, ‘साहेब, पेन्शन खात तुम्ही फुलांचे कौतुक करता. सडा माझा आहे. चार भावांत सामाईक आहे. मुलगा मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहतो. चिऱ्याच्या खाणीवाला रोख पैसे देतो. तुमचा दवबिंदू काय देतो?’ या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय संरक्षणाची भाषा बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. पश्चिम घाटाच्या बाबतीत नेमके हेच झाले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३मध्ये तो आवरता घेतला. आणि केंद्राने अधिसूचनेचा सहावा मसुदा काढला तो ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये दरडी कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. या तेरा वर्षांत चर्चा झाली ती एकाच गोष्टीची: आमचे गाव यादीत आहे की नाही. गाडगीळांनी तर निर्णय ग्रामसभेत व्हावेत असे सुचवले होते. ते बाजूला राहिले आणि गावागावांत पोहोचली ती फक्त बंदीची भीती. ज्याच्या नाजूकपणाची आकारणी करायची, त्याच्या मालकालाच जर ती जप्तीची नोटीस वाटली, तर आकारणी चुकली असे समजावे.

मग करायचे काय? मी शास्त्रज्ञ नाही. पण नोंदी आणि मोल यांच्याशी हयातभर संबंध आलेला माणूस म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, नोंद बदला. सड्याला आणि गवताळ माळाला महसुली कागदात स्वतःचे नाव द्या. पोटखराबा, पड, पडीक हे शब्द त्यांच्यापुरते तरी काढून टाका. नावाने काय होते, असे कोणी विचारील. आंबोलीत हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या कुंडात एक छोटा मासा नव्याने सापडला आणि २०२१मध्ये त्या इवल्याशा परिसराला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले गेले. कागदावर नाव लागले, की हात लावण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करतो.

दुसरी, मोजणी गावाकडे द्या. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही अपेक्षिलेली आहे. ही वही म्हणजे झाडांच्या नावांची यादी नव्हे. पहिला खळगा कोणत्या तारखेला भरला, झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहिला, दीपकाडी कधी फुलली, हे गुराख्याला आणि पाण्याला जाणाऱ्या बाईला ठाऊक असते. शाळेतल्या मुलांनी ते दरवर्षी लिहून ठेवले, तर दहा वर्षांत आपल्या हाती असा दस्तऐवज येईल, की जो कोणत्याही उपग्रहाला देता येणार नाही.

तिसरी, मोबदला द्या. सडा मोकळा ठेवणारा शेतकरी खालच्या तीन वाड्यांना पाणी देतो. ते पाणी आपण फुकट धरले, म्हणून खाणवाल्याचा भाव चढा वाटतो. उन्हाळ्यात टँकरवर जो खर्च होतो, त्यातला काही भाग सडा राखणाऱ्याला भाडे म्हणून देणे सरकारला किंवा जिल्हा परिषदेला अशक्य नाही. बँकेत आम्ही तारण ठेवलेल्या सोन्याची राखण करायचो. इथे तारण झऱ्याचे आहे.

जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला येऊन धडकले, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या आणि पडलेल्या झाडांचे पंचनामे झाले. ते व्हायलाच हवे होते. पण सड्यावरची बोटभर माती एका रात्रीत वाहून जाते, एखादे फूल एका वर्षी उगवतच नाही, झरा मार्चऐवजी जानेवारीत आटतो, त्याचा पंचनामा कोण करणार? नुकसान झाले हेच तिथे कोणाला कळत नाही, कारण मुळात काही होते अशी नोंदच नाही. कळते ते एकदम शेवटी, विहिरीवर बादली रिकामी वर आली की. तोवर उशीर झालेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोकणात जाताना गाडीच्या खिडकीतून तो काळा माळ दिसला, तर मुलांना एवढे जरूर सांगा, की ही जागा फुकट गेलेली नाही. ती कामावर आहे. आपण फक्त तिचा पगार कधी काढला नाही.